मूठभर चुना

बाबा, माझ्या भुशाला तेव्हा फक्त मूठभर चुना हवा होता. तुम्हाला ते माहीत होतं, हे मला परवा आईकडून कळलं.

लोको शेडमध्ये तुम्ही इंजिनांचं पाणी तपासायचात. आंबट पाणी बॉयलर खातं, हे सांगताना तुमचा आवाज एखाद्या आजाऱ्याबद्दल बोलावं तसा हळू व्हायचा. शेडमधले लिटमसचे कागद घरी यायचे आणि मग स्वयंपाकघरातलं काही सुटायचं नाही. मी ओट्याशी उभी आहे, तुम्ही निळ्या कागदाचं टोक कढीत बुडवताय, ते लाल होतंय, आणि आई पळी उगारून म्हणतेय, "कढी आंबट आहे हे सांगायला रेल्वेचा कागद कशाला? जीभ नाही का?" मग तुम्ही तिच्या पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवता आणि तोच कागद पुन्हा निळा करून दाखवता. कागद सांगेल ते खरं, हे मी तिथे शिकले. कागद तुमच्या हातात असायचा, म्हणून तुम्ही सांगाल तेही खरं.

पुढे सासर सोडून मी नगरा वस्तीतल्या तुमच्या घरी आले, मागच्या खोलीत ढिंगरीसाठी भुशाच्या पिशव्या टांगल्या. झाशीत ही अळिंबी तेव्हा नवलाची होती. सदर बाजारातला हॉटेलवाला म्हणाला होता, "दीदी, माल ढंग का निकला तो हर हफ्ते लेंगे." तेवढ्यावर मी इथे राहू शकले असते, कुणाला काही न मागता. भुसा भिजवायच्या आधी तुम्हाला विचारलं, पाण्यात काही घालायचं का? "साधं पाणी पुरे," तुम्ही म्हणालात. पिशव्यांत पांढरे धागे धरायच्या आधीच हिरवी बुरशी चढली. भुशाला आंबूस वास होता. मी म्हटलं, "बाबा, कागद लावून बघा ना एकदा."

"वाफेची इंजिनंच गेली, आता कागद कुठले आणू? आणि भिजल्या भुशाला वास यायचाच."

मी पुन्हा भुसा आणला, पुन्हा साधं पाणी. पुन्हा हिरवं. तुम्ही दारात उभं राहून म्हणालात, "तुझ्या हाताला नाही हे, बाळा." हॉटेलवाल्यानं हात जोडले, "रहने दीजिए दीदी." मी सासरी परतायला बॅग भरली. स्टेशनवर तुम्ही खिडकीशी जागा धरून दिलीत, दशम्यांचा डबा दिलात, आणि गाडी हलली तेव्हा तुमचा चेहरा किती हलका झाला होता. मला वाटलं, लेक मार्गी लागली म्हणून.

परवा आई पान लावत बसली होती. मी पुन्हा ढिंगरी करायची म्हणतेय, हे ऐकून पानावर बोट फिरवता फिरवता म्हणाली, "या वेळी चुना घाल हो. तुझे बाबा तेव्हाच म्हणाले होते. तू झोपल्यावर कागद लावला त्यांनी, लाल झाला. म्हणाले, मूठभर चुन्यानं भागेल, पण मग ही परत जायची नाही."

"आणि तू?"

"मी काय, मलाही वाटलं जावंस."

बाबा, लोक फसवतात त्याला चुना लावणं म्हणतात. तुम्ही तो न लावता फसवलंत. सासर पुढे फार वाईट निघालं नाही, हे खरं. पण मी तिथे गेले ती आपल्याला काही जमत नाही, असं मानून. पुढे लोणचं बिघडलं, शिवण उसवली, तरी मी स्वतःच्या हातांकडेच बघायचे. एका इंजिनाच्या पोटात आंबट पाणी जाऊ नये म्हणून जपणारा माणूस माझी खोली हिरवी होताना बघत उभा राहिला.

काल चुन्याच्या निवळीत भुसा भिजत घातला. आईनं तुमच्या दाढीच्या डब्यातून कागद काढून दिले, तेव्हा 'कुठले आणू' म्हणालात तेच. हे सगळं तुमच्या तोंडावर बोलायचं होतं, पण तुम्ही गेलात, ते आता या वहीत राहील. फक्त एक सांगते. लाल कागद त्या निवळीत बुडवला, तो निळा झाला, आणि राग आठवायच्या आधीच मी दाराकडे वळून ओरडले, "बाबा, बघा!"