ताईने लावलेला टॉवेल

३ मार्च
ताई इस्पितळातून घरी आली. डॉक्टर म्हणाले, औषधांनी अंगातली प्रतिकारशक्ती पार झोपली आहे, साधा तापही झेपायचा नाही. खोलीत जाण्याआधी प्रत्येकाने साबणाने हात धुवायचे. ताईने बेसिनपाशी माझ्यासाठी वेगळा निळा टॉवेल लावून घेतला. संकल्प: उद्यापासून कडक अंमल. आज दमलो होतो.

५ मार्च
पेपरात हात धुण्यावर लेख लिहिला. नखं, बेचक्या, अंगठे, काही सोडलं नाही. घड्याळ कशाला, शार्दूलविक्रीडितातला एक श्लोक सावकाश म्हणावा, ही सूचना खास माझी. संपादक खूश.

६ मार्च, सकाळी
स्वतः प्रयोग केला. दुसऱ्या चरणाला संपादकांचा फोन. उरलेले दोन चरण फोननंतर खुर्चीत बसून म्हटले. पाणी तेवढं राहिलं. निष्ठा महत्त्वाची.

९ मार्च
ताईसाठी घरी येणाऱ्या नर्सबाईंनी विचारलं, हात धुतले का. म्हटलं, माझा लेख वाचला नाहीत वाटतं. म्हणाल्या, वाचला, छान आहे, आता हात धुवा. बाईंना साहित्याचं अंग नाही.

११ मार्च
तापाच्या साथीची बातमी करायला दवाखाने पालथे घातले. घरी येऊन ताईला संत्रं सोलून भरवलं. ती म्हणाली, पत्रकारसाहेब, तुमचा टॉवेल फार टिकतो हो, अजून घडीसुद्धा मोडली नाही. म्हटलं, मी हात झटकून वाळवतो. ती हसली, आणि पुढची फोड खाल्ली.

१४ मार्च
ताईला ताप. रात्री खिडकी उघडी राहिली असणार. नर्सबाईंना तसं बोललो. त्या बेसिनकडे बघत होत्या.

१६ मार्च
पुन्हा इस्पितळ. आत सोडत नाहीत. काचेपलीकडून ताईने मला पाहिलं आणि तळहात एकमेकांवर चोळून दाखवले. थंडी वाजत असावी. तिला आणखी एक पांघरूण द्यायला सांगून आलो.

१९ मार्च
ताई गेली. पहाटे.

२२ मार्च
ऑफिसातून घरी आलो, बेसिनपाशी थांबलो. साबण. नखं, बेचक्या, अंगठे. चारही चरण, सावकाश. मधे फोन वाजला, वाजू दिला. टॉवेलची घडी मोडली, हात नीट पुसले.
ओला टॉवेल घेऊन तिला दाखवायला खोलीत गेलो. पलंग आवरलेला होता.