शेवटची सोळा पानं

प्रिय ताई,

फोनवर सगळं बोलून झालं असं तुला वाटलं असेल. मंगळवारी माझं ऑपरेशन, त्याआधी रविवारी भिंगरीला तुझ्याकडे सोडणार, ती काय खाते, काय थुंकते, सगळं. पण एक राहिलं. ते फोनवर सांगायला गेले तर मी रडणार, मी रडले की तू रडणार, आणि आमच्या भिंगरीचे कान तुला माहीत आहेत, भिंतीपलीकडचं ऐकते. म्हणून लिहितेय. कारखान्यात जेवणाची सुट्टी आहे. कव्हरं कापून उरलेले कागद इथे पडलेलेच असतात, त्यातलाच हा एक. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, चौथीनंतर लिहिलंय कुठे. हसू नकोस, सावकाश वाच.

भिंगरी येताना एक पुस्तक घेऊन येईल. उशाखाली घेऊनच झोपते, त्यामुळे विसरेल असं नाही. त्या पुस्तकात एक घोळ आहे, आणि तो घोळ मी घातलाय.

आमचं काम कसं असतं ते तू कधी बघितलं नाहीस. छापलेला मोठा कागद येतो, त्याला घड्या घातल्या की सोळा पानं होतात. त्याला आम्ही फर्मा म्हणतो. लांब टेबलावर फर्म्यांचे गठ्ठे ओळीने मांडायचे आणि टेबलाच्या कडेने चालत जायचं. प्रत्येक गठ्ठ्यातला एक उचलायचा, एकावर एक ठेवायचा, झालं पुस्तक, मग ते शिलाईला. दिवसभर नुसतं चालणं. गेल्या महिन्यात दोन पुस्तकं एकदम आली होती, दोन्ही मुलांच्या गोष्टींची, कागद सारखा, माप सारखं. त्या दिवशी सकाळपासून मला धाप लागत होती. गठ्ठे मांडताना डोळ्यांपुढे अंधारी आली. टेबलाला धरून उभी राहिले, कोणाला कळू दिलं नाही, आणि शेवटचा गठ्ठा दुसऱ्याच, सशाच्या पुस्तकाचा ठेवला. दोनशे पुस्तकं शिवून झाल्यावर कळलं. आमच्या मुकादमबाईला आम्ही मोजपट्टी म्हणतो, कायम हातात पट्टी असते. ती आली आणि म्हणाली, पोरींनो, हा ससा कोणाला विचारून आत घुसला? सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता खालीच बसले. पुढचं तुला माहीतच आहे. तपासण्या, हृदयाची झडप. मोजपट्टीच मला दवाखान्यात घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी बिघडलेल्यातलं एक पुस्तक माझ्या पिशवीत टाकलं आणि म्हणाली, ने लेकीला, रद्दीत घालण्यापेक्षा बरं.

घरी येऊन शब्दांवर बोट ठेवत वाचायला लागले, तर ताई, ती आपली गोष्ट! विस्तवाची. मी इतकी वर्षं समजत होते की ती तूच रचलीस. चूल विझते, आई म्हणते डोंगरापलीकडच्या म्हातारीकडून विस्तव घेऊन येते, तोवर हा दिवा विझू देऊ नकोस. मुलगी दिव्याजवळ बसते. वारा येतो, पाऊस येतो, अस्वल येतं, सगळे म्हणतात दिवा दे, ती देत नाही. अस्वलाचा आवाज तू नाकातून काढायचीस, मीही तसाच काढते. मग एके दिवशी दारावर टकटक होते. मुलगी उठते, दार उघडते, आणि पान उलटलं की समोर टोप्या विकणारा ससा. लाल टोपी घ्या, निळी टोपी घ्या. भिंगरी पहिल्यांदा इतकी हसली की उचकी लागली. उचकी थांबली तशी म्हणाली, पण आई कुठे गेली?

तेव्हापासून रोज तेच. आई कुठे गेली? मी काहीही सांगते. टोप्या बघायला थांबली. अस्वलाने जेवायला बोलावलं. ह्यांना विचारलं तर हे ट्रकची किल्ली शोधता शोधता म्हणतात, येईल गं, जातेय कुठे. तेवढ्याने तिचं भागत नाही. परवा मी दवाखान्याची पिशवी भरत होते. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, आई, तू पण विस्तव आणायला चाललीस का? मी एकाच टॉवेलची घडी चार वेळा घातली.

मग मोजपट्टीकडून तो सुटलेला फर्मा मागून आणला. म्हटलं शिवून टाकावा, विषय संपेल. त्यात आई येते. मडक्यात विस्तव घेऊन येते, वर हसरा सूर्य काढलाय. तू सांगायचीस तस्सं. पण अगदी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात मोठ्यांसाठी चार ओळी आहेत. मला दोनदा वाचाव्या लागल्या. लिहिलंय की जुन्या गोष्टीत आई परत येत नाही. मुलगी दिवा सांभाळत मोठी होते, आणि एका थंडीत साऱ्या गावाच्या चुली विझतात तेव्हा लोक तिच्या दारावर टकटक करतात, विस्तव मागायला. लहान मुलांना वाईट वाटू नये म्हणून शेवट बदलला आहे.

म्हणजे आईने तुला जुनीच सांगितली असणार. तुला शेवट माहीत होता. आई गेली तेव्हा तू बाराची, मी चारची. कोणालाही न विचारता तू माझ्यासाठी तो बदललास, आणि मी पायरीवर बसून वाट बघितली. एकदा घरातलं सगळं तेल दिव्यात ओतलं होतं, आठवतं? तू फाडकन एक ठेवून दिलीस आणि मग इतकं आवळलंस की तुझ्या फ्रॉकचं बटण माझ्या गालावर उमटलं. पुढे शाळेत पोरी म्हणाल्या, तुझी आई मेलीये, वेडी आहेस का तू? मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. तुला वाटलं पेन्सिल हरवली म्हणून रुसलेय. ताई, मी तीन वर्षं वाट बघितली होती गं. तो राग मी पोटात ठेवला. माझ्या लग्नात तू रडत होतीस तेव्हाही तो होता. आणि आता ती बारीक अक्षरं वाचली आणि मनात आलं, मला गोष्ट सांगायला तू तरी होतीस. तुला कोण होतं? खरा शेवट गिळून रोज संध्याकाळी अस्वलाचा आवाज काढायचा, बारा वर्षांच्या पोरीने. मी राग शोधायला गेले, तो जागेवर नव्हता.

डॉक्टर म्हणतात शंभरातले पंच्याण्णव बरे होऊन घरी जातात. माझ्या डोक्यात ते पाचच बसलेत. फार भीती वाटते ताई, ह्यांनाही सांगितलेलं नाही. ह्या पाकिटात तो फर्मा घालतेय. भिंगरीला दाखवू नकोस. मी आले तर सुईदोरा घेऊन तिच्यासमोर मीच शिवीन, माझ्या हातची चूक मीच निस्तरीन. पण नाही आले, तर तू शिवू नकोस. उद्या येईल, परवा येईल, असं सांगू नकोस. तुझ्या जिवावर येईल, मला माहीत आहे, एकदा गिळलेलं पुन्हा बाहेर काढायचं. तरी तिला पायरीवर बसवू नकोस. आई येत नाही म्हणून सांग, आणि तिथेच थांबू नकोस, तिला जवळ घे आणि पुढचं सांग. थंडी पडते, गावाच्या चुली विझतात, टकटक होते, आणि ती उठून दार उघडते. सगळ्यांना विस्तव देते. रांगेत अस्वलही उभं असतं असं सांग, तिला आवडेल. आवाज नाकातून काढ.

तुझीच,
बारकी