आयचं पापनिवेदन

मोहाची वाडी, धसईच्या वर
ता. १२ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी चांगलं सांगते. आय वाचली. काल नाचणीची पेज प्यायली आणि मीठ कमी म्हणून मला चार शब्द ऐकवले, म्हणजे बरीच म्हणायची. भात कापून झालंय, झोडणी राहिलीय. शहापूरच्या तुमच्या कॉन्व्हेंटातल्या बोर्डिंगच्या पोरी काय म्हणतात? अजून तुला घाबरतात का?

आता दुसरं. फोन करायचा तर टेकाडावर जावं लागतं, आणि तिथं रेंजसाठी अर्धी वाडी कान देऊन उभी असते, म्हणून लिहिते. मागच्या बुधवारी दुपारी आयला धाप लागली, नखं निळी पडली. दामूकाकानं नाडी बघितली नि नुसती मान हलवली. फादर अनिल आठ दिवस मौनसाधनेला गेलेले, फोन बंद. आयनं एकच धरलं, पापनिवेदन करायचंय, तसंच मरायचं नाय. फादर नायत म्हटल्यावर माझा हात धरून म्हणाली की तू आहेस ना. तुला ठाऊक आहे, फादर महिन्यातून एकदा येतात, बाकीच्या रविवारी अकरा वर्षं प्रार्थना मीच घेते. ख्रिस्तप्रसादाच्या पेटीची चावी माझ्याच गळ्यात. वाडी मला चेष्टेनं फादरबाई म्हणते. आयला ती चेष्टा कधी कळलीच नाय. तिच्या लेखी मी फादरच.

मी सगळ्यांना बाहेर काढलं. ती तासभर बोलली, मी ऐकलं. मग ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, आणि ताई गो, मी हात वर करून क्षमेचे शब्द म्हटले. फादर म्हणतात ते, अक्षर न चुकता. तिला झोप लागली. मला वाटलं दिवस मावळेस्तोवर जाईल, कोणाला काय कळणार. आणि ही बया दिवेलागणीला उठून चहा मागते!

हसू नको. मला भ्या वाटतंय. मी काय करून बसले ते तूच सांग, तू शिकलेली. आय काय बोलली ते मात्र विचारू नको. मी फादर नाय, पण तेवढं मला कळतं.

तुझा लोभ मला हवाच, या वेळी जरा जास्तच.
तुझी,
रेश्मा


शहापूर
ता. १७ नोव्हेंबर २०२४

चि. रेश्मा हीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी चॅपलमध्ये जाऊन बसले. आई वाचली म्हणून देवाचे आभार मानले आणि मग तुझा भयंकर राग आला. वेडे, काय करून बसलीस हे! फादरांशिवाय दुसऱ्या कोणी पापक्षमा दिली तर ती क्षमा होतच नाही. उलट देणाऱ्यावरच बंदी येते, ख्रिस्तप्रसाद बंद. बाळ मरणाच्या दारात असेल तर त्याला बाप्तिस्मा मीही देऊ शकते, तूही देऊ शकतेस, धसईच्या बाजारातली कोणीही बाई देऊ शकते. पापक्षमा नाही.

सगळ्यात वाईट याचं वाटतं की त्याची गरजच नव्हती. मरणाऱ्याला मनापासून पश्चात्ताप असेल आणि फादर भेटले तर त्यांना सांगेन असा इरादा असेल, तर देव तेवढ्यावर क्षमा करतो. तू तिच्याकडून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणवून घेतली असतीस की झालं असतं. तीच प्रार्थना तू दर शनिवारी पोरांकडून पाठ करून घेतेस. अगं, तेवढं सुचू नये?

आता आई बरी आहे, तर तिला खरं सांग आणि फादर आले की त्यांच्यापुढे पापनिवेदन करू दे. तुला भीती वाटते म्हणून तिला अंधारात ठेवायचं, हे बरं नव्हे. कठोर लिहिते आहे, पण मोठ्या बहिणीनं नाही लिहायचं तर कोणी? झोडणीच्या धुळीनं तुला सर्दी होते, तोंडाला फडकं बांधत जा.

माया होती तेवढीच आहे, राग दोन दिवसांत जाईल.
तुझी,
रंजिताताई


मोहाची वाडी
ता. २५ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझं सांगायचं राहिलं आणि सगळं आपणहून बाहेर आलं. काल फादर आले, मिस्सेच्या उपासनेआधी पापनिवेदनाला बसले. रंगूआत्यानं आयला विचारलं की तुझा नंबर धरू का. आय सगळ्यांदेखत म्हणाली की माझं झालंय, आमच्या रेश्मानं दिलीय क्षमा. फादरांनी ऐकलं. ओरडले नायत. मिस्सा झाल्यावर मला मागं बोलावलं, बस म्हणाले, आणि चावी मागितली. महागुरूंना बिशप हाऊसवर कळवावं लागेल, म्हणाले. मी प्रसाद घ्यायचा नाय, प्रार्थनाही घ्यायची नाय. मग रविवारी वाडीनं काय करायचं असं विचारलं तर घरोघरी माळ म्हणा म्हणाले. सात वाड्या आहेत एकट्याकडं, तेही काय करणार. येत्या रविवारी मुद्दाम परत येतो, तोवर आईला तूच सांग, म्हणाले.

तूही लिहितेस सांग म्हणून. पण आय कशी झालीय ते तू बघितलं नायस. दुखऱ्या गुडघ्यांचं नाव काढत नाय. अंगणात वाल निवडत बसते नि गाणी म्हणते. आपल्या आयला गाताना तू कधी ऐकलंस? मी तर जन्मात नाय. सुक्या बोंबलाची चटणी मागून घेतली. परवा तिला विचारलं की एवढे फादर होऊन गेले, कोणालाच कसं नाय सांगितलंस. तर म्हणाली की बायकांचं ते, बाप्यासमोर जीभ उचलत नाय. दर ईस्टरला त्यांच्यापुढं गुडघे टेकले, बाकीचं सगळं सांगितलं, ते एक गिळलं. आणि तसाच प्रसाद घेत राहिले, ते आणखी एक पाप.

पन्नास वर्षं, ताई. आता हिला मी कुठल्या तोंडानं सांगू, की बाये, तुझं हेही धरलं जात नाय?

रागावलीस तरी चालेल, पण लवकर लिही.
तुझी,
रेश्मा


शहापूर
ता. २८ नोव्हेंबर २०२४

चि. रेश्मा हीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. आज लिहिते ते वाचून फाडून टाक.

मी दोन वर्षं ईशज्ञान शिकले. वर्गात आम्ही तीन सिस्टर आणि फादर व्हायला निघालेले बावीस ब्रदर. परीक्षा आली की माझ्या वह्या त्यांच्यात फिरायच्या. त्यातल्या एकाला पापक्षमेचा धडा मी तीनदा समजावला होता, तरी काठावर पास झाला. आज तो लोकांना क्षमा देतो आणि मी त्याच्या मिस्सेला वेदीवर फुलं लावते. असं का, म्हणून मी तेव्हा मदरना विचारलं होतं. त्या म्हणाल्या की प्रभूनं बारा पुरुष निवडले, आपण आज्ञा पाळायची. मी पाळली. अजून पाळते, म्हणून तुला पुन्हा तेच लिहिते आहे. आईला सांग. हेही सांग की देवानं तिचं मन केव्हाच पाहिलं असेल, फादरांपुढे एका वाक्यात बोलली तरी पुरे.

मी यायला हवं होतं. नाताळच्या तयारीमुळे रजा मिळत नाही. हे लिहितानाच मला माझी लाज वाटते आहे.

आईचे पाय माझ्या वतीनं चेप. माझ्यावर माया कमी करू नकोस.
तुझी,
रंजिताताई


मोहाची वाडी
ता. १५ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आयच्या मातीला तू आलीस, पण चार माणसांत बोलता आलं नाय. तू दोनदा विचारलंस की आय शेवटी एवढी गप्प का झालेली. ऐक.

फादर यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी सांगितलं. तिच्या पायाशी बसून, तू लिहिलेलं तसंच. देवानं मन बघितलं असेल तेही सांगितलं. ते तिच्या कानात शिरलंच नाय. तिनं विचारलं की मग मी बोलले ते कोणी ऐकलं. मी म्हटलं, मी. तिनं परत विचारलं की फक्त तूच? मग पदर तोंडावर ओढून घेतला. तिला लाज वाटली, ताई. देवाला म्हणून सांगितलेलं आपण पोटच्या पोरीला सांगून बसलो याची. त्यानंतर तिनं माझ्याकडं बघितलं नाय. माझ्या हातची पेजही घेतली नाय. शेजारच्या अक्षदानं भरवलं तर दोन घास.

रविवारी फादर आले. आमी सगळी बाहेर थांबलो. पाव तासानं ते आले तेव्हा त्यांचेच डोळे भरलेले. ती एक शब्द बोलली नव्हती. नुसती मान हलव म्हणाले, तर भिंतीकडं वळली. तरी त्यांनी कपाळाला शेवटचं पवित्र तेल लावलं, देव दयाळू आहे म्हणाले. गुरुवारी सकाळी ती गेली. माझ्याशी बोलली नाय ती नायच.

महागुरूंचं पत्र आलंय. केल्याचा पश्चात्ताप होतो असं मी फादरांना सांगितलं की बंदी उठेल. फादर बिचारे दोनदा येऊन गेले. पण मी खोटं कसं सांगू? त्या बुधवारचा मला पश्चात्ताप होत नाय. तीन आठवडे माझी आय गात होती. मला पश्चात्ताप होतो तो शनिवारचा. आणि ते तर कोणी पापच धरत नाय. फादरांना सांगायला गेले तर म्हणतील, तू बरोबर केलंस.

म्हणून तुला सांगतेय. तू क्षमा देऊ शकत नायस, ठाऊक आहे मला, देऊ पण नको. समजूत काढू नको. देवाच्या मनात काय असेल ते लिहू नको. नुसतं वाचलंस, एवढं कळव.

लोभ उरला असेल तेवढा ठेव.
तुझी,
रेश्मा