विरजणाबरोबर दिलेला पासवर्ड

१२ जून २००७

केबल कंपनीचा फोन. बाबांनी उचलला. बराच वेळ नुसतं "येस, येस", मग माझ्याकडे बघत "आय विल टॉक टु माय सन." फोनवरच्या बाईने माझं नाव तरी घेतलं होतं का!

म्हणे आमच्या घरात इंटरनेट फार वापरलं जातं. एक्सेसिव्ह. असंच चाललं तर वर्षभर कनेक्शन बंद. बाबांनी विचारलं, किती वापरलेलं चालतं? बाई म्हणाली, ते सांगता येत नाही.

आई भडकली. "जेवायला बोलवायचं, किती पोळ्या खायच्या ते सांगायचं नाही, आणि वर म्हणायचं फार खाल्लंस?"

मी म्हटलं, अनलिमिटेड थाळीवाला पण चौथ्या वाटीनंतर श्रीखंड आणायला विसरतोच की.

बाबा हसले नाहीत. त्यांना घरून ऑफिसातल्या कॉम्प्युटर चिपांच्या टेस्ट बघाव्या लागतात. नेट गेलं तर रोज जेवून परत ऑफिस. "नेट बंद झालं तर तू इंडियात, नागपूरला. चारुदत्तकाकाच्या दुकानात." काकाचं लोखंडाचं दुकान आहे. म्हणजे मी आणि सळया.

१३ जून

सगळ्यांना मीच वाटतो. निधी बारा वर्षांची, ती पण. "इट्स ऑलवेज यू, दादा." तसं बरोबर आहे. प्रिंटरमधून मध्येच "मला भूक लागली" असा कागद काढणारा मीच. नाव परीक्षित, आणि कॉलेजात प्रत्येक परीक्षेत चीत. असल्या पोरावर कोण विश्वास ठेवणार.

पण यार, मी इतकं वापरत नाही. थोडे सिनेमे उतरवतो. बरं, बरेच. तरी इतकं नाही.

१५ जून

माझा कॉम्प्युटर बाबांच्या कपाटात, कुलपात. बाबा ऑफिसला. निधी समर कॅम्पला, लॅपटॉप तिच्या टेबलावर, बंद. आई झोपलीय. आणि राउटरचा हिरवा दिवा थयथय नाचतोय. कुणासाठी?

बाबांना सांगून उपयोग नाही. म्हणतील दिव्याला पण तूच काहीतरी केलंस.

१७ जून

निधीच्या लॅपटॉपवरून आमच्या वायरलेसचं नाव बदललं. आधी नुसतं आडनाव होतं. आता इंग्लिश अक्षरांत – चोर कोण आहे. पूर्ण बिल्डिंगला दिसणार. बघू.

१८ जून

लिस्टमध्ये आज एक नवीनच नेटवर्क, कुणीतरी लॅपटॉपवरून काढलेलं. नाव – मी चोर नाही.

मराठी! चँडलरमध्ये, अमेरिकेतल्या ह्या वाळवंटात, आमच्याच बिल्डिंगमध्ये! मी खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. आमचं नाव लगेच बदललं – मग कोण आहेस.

दुपारी उत्तर – काकूंनी दिला.

काकू म्हणजे कोण, ते विचारायची गरज नाही. आत पोळ्या लाटत होती.

१८ जून, परत

आई म्हणते, "अरे वरची अबोली. विरजण न्यायला आली होती. बिचारीकडे नेट नाही. मी वाटीबरोबर पासवर्डची चिठ्ठी दिली."

आई, अगं पासवर्ड कुणी असा देतं का?

"का? विरजण दिलं म्हणून आपलं दही कमी झालं का कधी?"

हे त्या फोनवरच्या बाईला ऐकवायला हवं.

१९ जून

वर गेलो. भांडायलाच गेलो होतो.

अबोलीताई लग्न होऊन मार्चमध्ये आली. नवरा यतीन सोमवार ते शुक्रवार मिनेसोटात, क्लायंटकडे. तो म्हणतो तिकडेच शिफ्ट व्हायचंय, मग इथे नेट कशाला घ्यायचं. हिला व्हिसावर काम करायची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, बाहेर उन्हाची भट्टी. नाव अबोली, आणि दिवसभर बोलायला कुणी नाही.

ओट्यावर लॅपटॉप. त्यावर तिच्या भावाचा अकोल्याचा सायबर कॅफे. तिथला एक कॉम्प्युटर भावाने हिच्यासाठीच ठेवलाय. कॅमेरा कायम चालू. मी गेलो तेव्हा तिकडे रात्र, दुकान बंद. स्क्रीनवर नुसता काळोख आणि कोपऱ्यात एक लाल ठिपका.

"ताई, हे काय बघतेस? काहीच दिसत नाही."

"बंद केलं की इथला फ्रीज ऐकू येतो," म्हणाली. "आणि पप्पा शटर उघडलं की आधी मला हात करतात. ते चुकायला नको."

मग म्हणाली, "जास्त होतं का रे? काकूंना त्रास नको, मी बंद करते." हात झाकणावर.

मी म्हटलं, नको. चालू दे.

का म्हटलं काय माहीत. भांडायला गेलो होतो!

२५ जून

बाबांनी स्वतःच कंपनीला फोन लावला. म्हणे ह्या महिन्यातही तेवढंच चाललंय. आता शेवटची संधी.

मला समोर बसवलं. "तुझा कॉम्प्युटर कपाटात आहे. मग कोण वापरतंय?"

खरं सांगितलं असतं तर सुटलो असतो. पण बाबा सरळ यतीनला फोन करणार, आणि तिकडे अकोला बंद. आई तोंड उघडणार होती. मी आधी बोललो, "मीच. निधीच्या लॅपटॉपवरून."

बाबा उठले, सगळे पासवर्ड बदलले, वायरलेसचा, राउटरचा. नवे फक्त त्यांच्याकडे. "शुक्रवारी तिकिटाचं बघतो."

इथल्यापेक्षा नागपूरहून अकोला जवळ आहे. रविवारी शटर उघडायला जाईन.

२६ जून

वरून अकोल्याचा आवाज नाही. एकदम चूप.

२८ जून

जेवताना बाबा म्हणाले, "दही छान लागलंय आज."

आई म्हणाली, "आपलं विरजण नासलं होतं. अबोलीकडून आणलं. आपलंच गेलेलं परत आलं."

"असं?"

"पोरीचे डोळे सुजलेत," आई म्हणाली. बाबांनी अजून थोडं दही घेतलं. आई माझ्याकडे बघेना.

२९ जून

शुक्रवार. सकाळी कंपनीचा माणूस आला, नवीन कनेक्शन लावून गेला. धंदेवाल्यांना देतात ते. त्यात कमी-जास्त काही नसतं, वापरा किती पण. बाबा म्हणाले, ऑफिसच्या कामाला लागतं.

सुटलो! नेट वाचलं. पण मी?

घाबरत विचारलं, "बाबा, तिकिटाचं..."

"कसलं तिकीट?" म्हणाले, आणि कपाटाची किल्ली टेबलावर ठेवून चहा घ्यायला गेले. मी आधी किल्ली खिशात टाकली.

३० जून

संध्याकाळी माझा कॉम्प्युटर लावला. आमच्या वायरलेसचं नाव बदललंय. मी नाही बदललं; पासवर्ड फक्त बाबांकडे. इंग्लिश अक्षरांत – विरजण.

आई अबोलीची वाटी परत देऊन आली, बाबांची चिठ्ठी घालून. जेवणं होत होती तेवढ्यात वर अकोल्याचं शटर उघडलं. खालपर्यंत ऐकू आलं.