मध्य की मध्यवर्ती

तीर्थस्वरूप ताईला,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर देते तिथवर, उरलेला प्रत्यक्ष भेटीत). तुझा गुडघा आता काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामाला आहे? त्यांच्या वाचायच्या चष्म्याची काडी पुन्हा सैल झाली असेल तर दोऱ्याने बांधू नका, इकडे पाठवा. सख्खा मेहुणा चष्म्याचं दुकान चालवतो आणि माणूस कानाला दोरा बांधून पेपर वाचतो, हे चारचौघांत बरं दिसत नाही. हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला ‘मुद्द्यावर ये’ म्हणतेस, आणि मला जे सांगायचंय त्यातला मुद्दा फार उशिरा येतो. म्हणून हे पत्र.

तर तुझी भाची. आमची सुई. (लहानपणी बारीक होती म्हणून हे नाव पडलं, आता टोचते म्हणून टिकलंय.) शाळा संपली, मार्क चांगले पडले आणि पोरीने जाहीर केलं की मला दगडांचा अभ्यास करायचाय. मी म्हटलं, डोळ्यांचा कर, दुकान तयार आहे. तर म्हणाली, डोळे हलतात, दगड स्वस्थ बसतात. तिने अर्ज केले आणि दोन ठिकाणी जागा मिळाली. दोन्ही सरकारी, दोन्ही एकाच शहरात, म्हणजे हिचा भाऊ, माझा मेहुणा, राहतो त्या शहरात, नदीच्या या काठाला एक आणि त्या काठाला दुसरं. एकाचं नाव मध्य विद्यापीठ. दुसऱ्याचं मध्यवर्ती विद्यापीठ. तू हसू नकोस. मीही हसलो होतो, आणि मग पंधरा दिवस रडलो.

असं सांगतात की पूर्वी ते एकच होतं. मग वरच्या दोघा साहेबांचं खुर्चीवरून वाजलं आणि भावाभावांत वाटणी व्हावी तशी वाटणी झाली. इमारती सारख्या, रंग तोच पिवळा, फी तीच, अभ्यासक्रम तोच, बोधचिन्हातला सिंहसुद्धा तोच, फक्त इकडचा डावीकडे बघतो आणि तिकडचा उजवीकडे. ज्ञानकोशाचे सम खंड एकाकडे गेले नि विषम दुसऱ्याकडे, असंही मेहुण्याने सांगितलं. पण मेहुणा बँकेत कॅशियर आहे, त्याला दिसेल त्याची वाटणी करायची सवय आहे, तेव्हा हे मी खात्रीने सांगत नाही.

आता तुला ठाऊक आहे, माझा धंदाच मुळी निवडीचा. माणसाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यापुढे भिंग धरायचं, मग दुसरं धरायचं आणि विचारायचं, हे बरं की ते बरं? त्यात एक जात असते गिऱ्हाइकांची, जी ‘दोन्ही सारखीच दिसतात’ म्हणून मोकळी होते. मला या लोकांचा भयंकर राग येतो. दोन भिंगं कधी सारखी नसतात. नीट बघायचा आळस असतो, दुसरं काही नाही. तेव्हा सुई जेव्हा म्हणाली की दोन्ही कागदावर तरी सारखीच वाटतात, तेव्हा माझ्यातला चष्मेवाला जागा झाला. मी म्हटलं, मी स्वतः जाऊन पाहतो आणि निकाल देतो. ही म्हणाली, शिकायचंय पोरीला, तर पोरीला पाहू दे. मी म्हटलं, अगं, तिलाही नेऊ की बरोबर. (हे वाक्य लक्षात ठेव. मला ते आता झोपेत ऐकू येतं.)

पहिल्यांदा गेलो तो रविवार होता. मेहुण्याने गाडी काढली. हा गृहस्थ स्वभावाने सोन्यासारखा, पण जन्मभर नोटा मोजून त्याची अशी समजूत झालीय की आपण चुकूच शकत नाही, त्यामुळे तो रस्ता कधी कुणाला विचारत नाही. विचारलं की म्हणतो, आपल्याच गावात काय विचारायचं? भल्यामोठ्या फाटकापाशी गाडी थांबली. फाटकाला रंग द्यायचं काम चालू होतं, बांबू बांधलेले होते, पाटीवर गोणपाट घातलं होतं आणि त्यातून फक्त ‘मध्य’ एवढीच अक्षरं डोकावत होती. मी विचारलं, पुढे काही आहे का गोणपाटाखाली? मेहुणा म्हणाला, हेच मध्य. मध्यवर्ती पलीकडच्या काठाला. झालं. आम्ही आत गेलो.

काय सांगू ताई, त्या जागेची शांतता! मोठमोठी झाडं, त्याखाली रिकामे बाक, पायऱ्यांवर एक काळं कुत्रं असं झोपलेलं की जणू तेही चिंतनात आहे. ग्रंथालय बंद होतं, पण उंच काचांना नाक लावून आम्ही आतली कपाटं पाहिली. पहारेकरी हळू आवाजात बोलत होता. मला भरून आलं. मी सुईला म्हटलं, विद्या अशा ठिकाणी राहते. (रविवारी कुठलीही कचेरी तपोवनासारखीच दिसते, हे तेव्हा सुचलं नाही.) हिला मात्र करमेना. सारखं तेच, इथे माणसं कुठायत? पोरगी आजारी पडली तर सांगायचं कुणाला, कुत्र्याला?

दुसरं बघायला पुढच्या आठवड्यात गेलो, भर कामाच्या दिवशी, दुकान बंद ठेवून. मेहुण्याने नदी ओलांडली, पुढे रस्ता खोदलेला होता, मग वळसा, मग गल्ली, मग मंडईच्या मागून कुठून तरी दुसरा पूल, आणि शेवटी एका लहानशा फाटकातून आम्ही थेट सायकलींच्या गर्दीत. पाटी स्वच्छ होती: मध्यवर्ती विद्यापीठ. आणि आत हा कल्लोळ! पोरंपोरी पळतायत, कॅन्टीनपाशी रांग, पायऱ्यांवर बसून चौघं जण एका दगडावरून तावातावाने भांडतायत. मला पहिल्या क्षणापासून ते पटलं नाही. तिथला पिवळा भारदस्त होता, इथला स्वस्तातला वाटला. झाडं होती, पण त्यांना तो रुबाब नव्हता. ग्रंथालय तर उघड उघड नक्कल. त्याच उंच काचा, तीच कपाटं. मला राहवेना. मी पहारेकऱ्याला सांगितलं की तुमचं ग्रंथालय मध्यवाल्यांवरून उचललंय, पण त्यांची सर नाही. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग विचारलं, काका, बरोबर कुणी आहे ना तुमच्या? हिला मात्र ही जागा एकदम आवडली. चहा चांगला, मुली हसऱ्या, दवाखाना आवारातच.

घरी परत आलो आणि आमच्या घराची वाटणी झाली. मी मध्यचा, ही मध्यवर्तीची. जेवताना वाद, झोपताना वाद. मी शांततेची बाजू मांडायचो, ही माणसांची. मी शिस्त म्हणायचो, ही दवाखाना म्हणायची. मेहुणा रोज फोन करून दोन्ही बाजूंना दुजोरा द्यायचा. दुकानातही तेच. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला मी भिंगं बदलता बदलता दोन्ही विद्यापीठांतला फरक समजावून सांगायचो, त्या नादात एका वकिलाला लांबचा चष्मा जवळचा म्हणून दिला. तो दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, न्यायाधीश स्पष्ट दिसतात हो, पण समोरचा कागद दिसत नाही. ही गोष्ट मी हिला सांगितली नव्हती. आता तूही सांगू नकोस.

आणि मग एके दिवशी जेवताना हे घडलं. मी मध्यच्या बाजूने अगदी शेवटचा, बिनतोड मुद्दा मांडत होतो. म्हटलं, माणसांचं सोडा, तिथलं कुत्रं आठवा. केवढी समाधी! आणि मध्यवर्तीतलं काळं कुत्रं पाहिलंत? कॅन्टीनपाशी शेपूट हलवत लाचारासारखं फिरत होतं. संस्थेचे संस्कार जनावरातसुद्धा उतरतात.

सुई पानावरून मान वर न करता म्हणाली, “बाबा, ते तेच कुत्रं होतं.”

मी म्हटलं, तेच म्हणजे? तर म्हणाली, तेच म्हणजे तेच. त्याचा एक कान फाटलेला आहे. आणि ग्रंथालय तेच आहे, झाडं तीच आहेत, पिवळा रंगही तोच आहे. पहिल्यांदा आपण पुढच्या फाटकाने गेलो, दुसऱ्यांदा मागच्या. दोन्ही वेळा मध्यवर्तीच पाहिलं. मध्य आपण कुणी पाहिलेलंच नाही.

ताई, पंधरा दिवस मी एका विद्यापीठाची बाजू त्याच विद्यापीठाच्या विरुद्ध लढवत होतो. ही एकदम हसायला लागली आणि तिला ठसका लागला. मी जरा आवाज चढवूनच विचारलं की मग तेव्हाच का नाही बोललीस?

“तुम्ही मला काही विचारलंच नाही,” ती म्हणाली. “दोन्ही दिवस.”

चिडून बोलली असती तर मीही चिडलो असतो आणि प्रकरण मिटलं असतं. पण तिने हे पाणी वाढून घेता घेता, सहज सांगितलं. मी आठवू लागलो. दोन्ही दिवस मी तिच्याशी अखंड बोलत होतो. झाडं दाखवली, काचा दाखवल्या, पहारेकऱ्याशी ओळख करून दिली. तुला कसं वाटतंय, हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं. दिवसभर परक्या माणसांना हे बरं की ते बरं विचारून पोट भरणारा मी, घरच्या माणसाला विचारायचं राहून गेलं.

म्हणून मग विचारलं. तेव्हा कळलं की पोरगी मधल्या काळात एकटी बसने जाऊन मामाकडे राहून आली होती (मला ‘मैत्रिणीकडे’ असं सांगितलं गेलं होतं, सांगणारी ही). दोन्हीकडे जाऊन वर्गात मागच्या बाकावर गुपचूप बसली होती. मध्यवर्तीतले सर उत्तम शिकवतात, म्हणाली, काहीही विचारा, उत्तर तयार. मध्यमध्ये एक बाई शिकवत होत्या. एका मुलाने काळा दगड पुढे केला आणि विचारलं, यात ही पांढरी रेघ कशी आली? बाईंनी दगड उलटसुलट केला, खिडकीपाशी नेऊन पाहिला, आणि म्हणाल्या, मला माहीत नाही, उद्या बघून सांगते. सुई तेवढ्यासाठी मामाकडे आणखी एक दिवस राहिली. खरंच सांगतात का, बघायला. बाई दुसऱ्या दिवशी पुस्तकं घेऊन आल्या, दगड टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, अजून पुरतं कळलेलं नाही, पण इथपर्यंत पोचलेय. आणि तिथपर्यंतचं सगळं फळ्यावर काढून दाखवलं. “मला तिथे जायचंय,” सुई म्हणाली.

रात्रभर माझ्या मनात त्या बाईंचं बोलणं. मला माहीत नाही, हे वाक्य मी दुकानात आजवर उच्चारलेलं नाही. दुसऱ्या दिवशी एका आजोबांनी विचारलं, सकाळी डाव्या डोळ्यातून पाणी का येतं? एरवी मी वारा, वय, धूळ असं काहीतरी ठोकून दिलं असतं. मन घट्ट करून म्हटलं, मला माहीत नाही, डॉक्टरांना दाखवा. मला वाटलं आता उठून जातील. तर त्यांनी माझा हात दाबला आणि बायकोचाही चष्मा इथेच करायला टाकला.

तेव्हा ठरलं. सुई मध्य विद्यापीठात जाणार, म्हणजे मी अजूनही न पाहिलेल्या ठिकाणी. मी मोठ्या मनाने होकार दिला आहे. तिची बॅग भरणं चालू आहे; निम्मे कपडे, निम्मे दगड. तिला आशीर्वाद दे, आणि गुडघ्याला शेक घेत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. ‘मोठ्या मनाने’ हे मी पत्र चांगलं दिसावं म्हणून लिहिलं. खरं कारण आता लिहितो. मध्यवर्तीच्या मागच्या फाटकापासून आमच्या गावाला थेट बस आहे, पोर दर शनिवारी घरी येऊ शकेल. मध्यहून यायचं तर मध्ये बस बदलावी लागते, म्हणजे महिन्यातून एकदा आली तरी पुष्कळ. ती तुझं ऐकते. सहज बोलता बोलता मध्यवर्तीचं नाव काढून बघ. मी सांगितलं असं म्हणू नकोस.

ता. ता. क. वरचा ता. क. रद्द समज. पाकीट चिकटवत असताना ही येऊन बसली आणि म्हणाली, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. हिने स्वतः मध्यवर्तीत नाव घातलंय. इतिहासाचे वर्ग, शनिवार-रविवार, मोठ्या माणसांसाठी. मी पहारेकऱ्याला नकलेबद्दल सुनावत होतो, तेव्हा ही खिडकीवर चौकशी करत होती म्हणे. शुक्रवारी संध्याकाळी त्या थेट बसने भावाकडे जायचं आणि रविवारी रात्री परत यायचं. सुईला माहीत होतं. तिची एकच अट आहे, मधे नदी असावी. मी म्हटलं, निदान मला विचारायचं तरी. ही म्हणाली, विचारलं असतं तर तुम्ही आपल्या सगळ्यांना पुन्हा विद्यापीठं बघायला नेलं असतं. हे बोलताना हिचा चेहरा असा उजळला होता की मी पुढचं सगळं गिळलं. तेव्हा सुईपुढे मध्यवर्तीचं नावही काढू नकोस.

ता. ता. ता. क. म्हणजे शनिवार-रविवार घरात मी एकटा. मला पाणी तापवता येतं. त्यापुढचं माहीत नाही. तुझ्याकडे येणारी बस शनिवारी सकाळीच असते, मी चौकशी केली. भाऊजी पत्त्यांत लबाडी करतात, हे इतकी वर्षं मी सगळ्यांपुढे म्हणत आलो, ते मागे घेतो. त्यांना तसं सांग, आणि येऊ का ते कळव.