उगारलेला हात

३ ऑक्टोबर १८८७, सकाळ
आजपासून रागावणे बंद. कायमचे. तसा मी मुळात रागीट नाहीच. हेल्मरोडे गावात माझ्याइतका शांत माणूस शोधून सापडायचा नाही. पण लोक चिडवतात, वस्तू चिडवतात, आणि मग त्यांना उत्तर द्यावे लागते. आता तेही द्यायचे नाही.

कारण म्हातारे प्राध्यापक फॉस उन्हाळ्यात वारले. युनिव्हर्सिटीतली धर्मतत्त्वज्ञानाची खुर्ची रिकामी झाली. उमेदवार दोन, मी आणि टीमान. माझे वय चव्वेचाळीस, अजून बिनपगारी अध्यापक. ही खुर्ची हुकली तर मरेपर्यंत तसाच. बहीण मेश्टिल्ड व्यापाऱ्यांच्या पोरींना पियानो शिकवते, त्यावर घर चालते. खुर्ची मिळाली की तिचे ते टणटण बंद. डीनसाहेब म्हणाले, ईस्टरला निर्णय. पुस्तक बघू आणि वागणूक बघू. दोन्हींत मी पुढे.

पुस्तकाचा सिद्धांत एका ओळीत: माणसाने हात उगारला आणि मारला नाही, त्या क्षणी धर्म जन्मला. देव म्हणजे तो न पडलेला फटका. टीमान म्हणतो, खोटे. माणसाने आपला राग देवाकडे फक्त ठेवायला दिला आहे, लागेल तेव्हा परत काढता यावा म्हणून. किती हलका विचार. आणि माणूसही तसाच, सगळ्यांशी हसून बोलणारा.

३ ऑक्टोबर, संध्याकाळ
सूपचे भांडे फुटले. सूप गरम होते, हे मला कोणी सांगितले नव्हते. मेश्टिल्ड म्हणाली, गोटहोल्ड, वाफ दिसत होती की. भिंत तिने पुसली. उद्यापासून रागावणे बंद.

१९ ऑक्टोबर
सेमिस्टरचे पहिले लेक्चर. विषय: क्षमा. विद्यार्थी सतरा, त्यांतले तीन चुकून आलेले. लेक्चर आवडले की आमच्याकडची पोरे बाकावर बोटे ठोकतात, नावडले की जमिनीवर बूट घासतात. आज सुरुवातीपासूनच बूट घासत होती. फरशी गार आहे, पाय गरम करत असतील म्हणून मी दुर्लक्ष केले. पण पुढच्या बाकावरचा एक गालफुग्या अगदी तालात घासायला लागला, तेव्हा क्षमेचा अर्थ नीट कळावा म्हणून बायबलातल्या ईयोबाच्या ग्रंथावरचे भाष्य त्याच्या दिशेने पाठवले. कातडी बांधणी, पितळी कोपरे. भुवई फाटली, रक्त वहीवर. वर्ग एकदम शांत. पुढचा पाऊण तास सगळ्यांनी फार लक्षपूर्वक ऐकले. लेक्चर रंगले.

तलवारबाजीत गालावर वार झाला की हीच पोरे तो वर्षभर मिरवतात. भुवईवरच्या वाराचे एवढे काय?

११ नोव्हेंबर
सेंट मार्टिनचा दिवस. डीनसाहेबांकडे हंसाचे जेवण. तांबडा कोबी, बटाट्याचे गोळे, आणि समोरच्या खुर्चीवर टीमान. मुद्दाम समोर बसवला असणार. मी ठरवून गेलो होतो, डोक्यावर बर्फ. सूप संपेपर्यंत बर्फ होता.

मग डीनबाईंनी सहज विचारले, तुमच्या पुस्तकात नक्की काय आहे हो? मी समजावून सांगू लागलो. उगारलेला हात दाखवायला मी खरोखरच हात उगारला. हातात हंसाची तंगडी होती, ती तशीच राहिली. तेवढ्यात टीमान हसला. नंतर म्हणाला, मी डॉक्टरसाहेबांना हसलो नाही, तंगडीला हसलो. पण हे नंतर. तोपर्यंत हात खाली आला होता.

नाक मोडले, पुढचा एक दात गेला. डीनबाईंच्या आईने विणलेला टेबलक्लॉथ खराब झाला. मी स्पष्ट केले की फटका तंगडीने बसला, माझ्या हाताने नव्हे, आणि दोन्हींत तात्त्विक फरक आहे. कोणी वाद घातला नाही. घरी येताना मेश्टिल्ड माझ्या दोन पावले मागून चालत होती.

१२ नोव्हेंबर
सकाळी दारात दोन उंच टोप्या, पांढरे हातमोजे. टीमानकडून द्वंद्वाचे आव्हान. मी राखीव फौजेत लेफ्टनंट. नाही म्हटले तर हुद्दा जाणार, आणि हुद्दा गेलेल्याला खुर्ची कोण देतो? हो म्हटले. कॉफी दिली, प्लमचा केक दिला. दोघे गृहस्थ फार सभ्य. मला ठार मारण्याबद्दल अगदी अदबीने बोलले.

माझ्या बाजूने औषधवाले श्ट्यूबनर उभे राहणार. राखीव फौजेत कप्तान आहेत. ते म्हणाले, अहो डॉक्टर, माफी मागा, मी गेल्या वर्षीच एक माणूस असा पुरलाय. माफी कशाची? आधी हसला तो. म्हणजे अपमान माझा. आणि रिवाज असा की ज्याचा अपमान झाला तो हत्यार निवडतो. मी तलवार निवडणार. टीमानचे हात बायकी आहेत, तलवार त्याला झेपायची नाही. मारायचे अर्थातच नाही. फक्त शिकवायचे.

१५ नोव्हेंबर
तलवारमास्तर लोबेगोट यांच्याकडे शिकवणी सुरू. मास्तर म्हणाले, मनगटातून, डॉक्टर, खांद्यातून नको. खांद्यातून जास्त बरे वाटते.

२२ नोव्हेंबर
प्रगती. मास्तरांच्या कानाची पाळी गेली. वार टोपीवर होता, कान मध्ये आला. ते म्हणाले, तुम्ही रागाने मारता. मी म्हणालो, मी माणसाच्या रागावर पुस्तक लिहितोय, मला राग काय असतो ते शिकवू नका. मग ते कानाला रुमाल लावून घरी गेले. उद्यापासून तेच शिकवणार नाहीत म्हणे. आज जेवणघरातल्या कपाटावर सराव केला. कपाट गेले.

२८ नोव्हेंबर
मान-अपमानाचे पंचमंडळ बसले. सहा अधिकारी, सगळ्यांच्या मिशांना मेण. तीन तास एकच प्रश्न: हंसाच्या तंगडीचा फटका हा फटका धरायचा की नाही? एक मेजर म्हणाले, तंगडी शिजलेली होती, म्हणजे ती अन्न, हत्यार नव्हे. कर्नल म्हणाले, दात पडला ना, मग विषय संपला. हसणे हा हलका अपमान, फटका हा सगळ्यांत जड. म्हणजे अपमान झालेला टीमान, आणि हत्यार तोच निवडणार.

पिस्तूल. मला चष्म्याशिवाय चर्चचा मनोरा दिसत नाही. चोर तो चोर, वर शिरजोर. घरी येऊन मेजावर मूठ आपटली. मेज ओकचे आहे. दोन बोटे सुजली आहेत, तरी अक्षर ठीक येते आहे.

३० नोव्हेंबर
विचार केला आणि एकदम प्रकाश पडला. ही तर देवाने दिलेली संधी. मी आकाशात गोळी झाडणार! सगळ्यांसमोर, हातात भरलेले पिस्तूल, समोर शत्रू, आणि हात वर. म्हणजे माझे पुस्तकच जिवंत उभे राहिले. डीनसाहेबांच्या कानावर जाईल, मंत्रालयात जाईल. खुर्ची माझीच. टीमानचा सिद्धांत तिथल्या तिथे मेला. नववे प्रकरण एका बैठकीत लिहून काढले: 'हात वर राहतो तो क्षण.' लिहिताना मला भरून आले.

२ डिसेंबर
मेश्टिल्डला नववे प्रकरण वाचून दाखवले. तिने विचारले, खरंच आकाशात मारशील? मी म्हणालो, हो. ती म्हणाली, पुन्हा सांग. पुन्हा सांगितले. ती म्हणाली, मग आईच्या फोटोसमोर सांग. एवढा अविश्वास. सख्ख्या भावावर.

मी दार लावले. तिने हात मध्ये आणला.

उजव्या हाताची तीन बोटे. श्ट्यूबनर यांनी फळ्या बांधल्या, कोणाला काही विचारले नाही. नाताळपर्यंत पियानो बंद. तिने हात मध्ये आणायला नको होता. हे मी तिला शांतपणे समजावले. ती हो म्हणाली.

४ डिसेंबर, दुपार
जंगलातली मोकळी जागा. बर्फ, धुके. दोन डॉक्टर, दोन्ही बाजूंचे साक्षीदार. एकजण उगाच समेटाचा प्रश्न विचारतो, तो रिवाज आहे. दोघांनी नाही म्हणायचे, तोही रिवाजच. टीमानने उत्तर द्यायला थोडा वेळ घेतला, पण शेवटी नाही म्हणाला.

चिठ्ठी काढली. पहिली गोळी त्याची. मी नवव्या प्रकरणातले शेवटचे वाक्य मनात म्हणत उभा राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिले, पिस्तूल सरळ वर केले आणि आकाशात झाडले. वरच्या फांदीवरून बर्फ पडला.

हे माझे होते. मी ठरवले होते, मी लिहून ठेवले होते, आणि तो आधी करून मोकळा झाला. वर पडलेल्या दाताच्या फटीतून जरासा हसला. सगळे माझ्याकडे बघत होते. आता आकाशात झाडले असते तर मी त्याची नक्कल केली असे झाले असते. तत्त्वज्ञाने नक्कल करायची का?

शिवाय धुके होते. शिवाय चष्म्यावर वाफ आली होती. मी तर कुठेतरी वरच धरले होते.

गुडघा. कर्नलच्या घोड्यावरून पडलेला माणूस मी पूर्वी पाहिला आहे, पण असा आवाज नव्हता. बर्फावर रक्त फार पसरते, असते त्याहून जास्त दिसते. टीमान ओरडला नाही, लहान मुलासारखा हुंदके देत राहिला. श्ट्यूबनर यांनी माझ्या हातातले पिस्तूल काढून घेतले आणि विचारले, का? मी त्यांना नकलेचा मुद्दा सांगू लागलो. ते ऐकायला थांबले नाहीत.

५ डिसेंबर
टीमानचा पाय मांडीतून कापला. वाईट वाटले. अर्थात तत्त्वज्ञानात पायाचे काम कमीच. बसून लिहायचे असते. आता त्याला जास्त लिहिता येईल.

नवव्या प्रकरणाचे नाव बदलावे का, असा विचार चालू आहे.

२६ जानेवारी १८८८
शिक्षा झाली. दोन वर्षे किल्ल्यात. ही बदमाशांची कैद नव्हे, सभ्य माणसांची: स्वतःची खोली, स्वतःचे कपडे, बिअर. निर्णय देताना न्यायाधीश म्हणाले की आरोपीच्या वर्तनात त्यांना काहीतरी 'आदिम' दिसले. मला वाटते त्यांना प्राचीन ग्रीक म्हणायचे असावे.

९ एप्रिल
ईस्टर होऊन गेला. खुर्ची टीमानला. कुबड्यांवर आला, पहिले लेक्चर दिले, आणि पोरे अर्धा तास बाकांवर बोटे ठोकत होती असे किल्ल्यावरच्या एका लेफ्टनंटने हसत हसत सांगितले. तो लेफ्टनंट आता दवाखान्यात आहे. त्याच्यामुळे माझी सहा महिने शिक्षा वाढली. पुस्तकाला उलट वेळ मिळाला.

टीमानने लेक्चरमध्ये माझे नाव एकदाही घेतले नाही म्हणे. उदाहरणादाखलसुद्धा नाही. हे मात्र नीचपणाचे.

१७ जून
मेश्टिल्ड भेटायला आली. पहिल्यांदाच. चेरीचा केक आणला होता. बरी दिसत होती, जरा जाड झाली आहे. दोन बोटे आता वळतात, तिसरे वळत नाही. त्या बोटाविना वाजवता येतील असे धडे ती स्वतःच बसवून घेते, आणि पोरींना ते आवडतात. मी म्हणालो, मी सुटलो की आपण दुसऱ्या गावात जाऊ, तिथेही युनिव्हर्सिटी असतेच, नववे प्रकरण नवे लिहिले आहे. ती केक कापत राहिली.

मग म्हणाली, गोटहोल्ड, तू इथे आलास तेव्हापासून मी खोलीची कडी न लावता झोपते.

मी म्हणालो, छान, म्हणजे आपल्या गल्लीतल्या चोऱ्या थांबल्या. ती म्हणाली, आपल्या गल्लीत चोऱ्या कधीच नव्हत्या रे. आवाज चढवला नाही, रडली नाही. केकचा मोठा तुकडा माझ्या बशीत ठेवला, टोपीची फीत बांधली आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून निघाली. मी सुटेन तेव्हा ती त्या घरात नसेल, हेही दारातून सांगून गेली.

ती काय म्हणाली ते मला कळले नाही, असे लिहायला मी आत्ता बसलो होतो. कळले.