वासरू, अंगठी आणि अर्णवचं गाणं

३ फेब्रुवारी, सोमवार

अर्णवने वासरू कापलं! म्हणजे गाण्यात.

दुपारी मोबाइलवर त्याच्या बँडचं नवं इंग्रजी गाणं आपोआप पुढे आलं. दीड वर्षात पोराचा आवाज ऐकला तो असा. गिटारच्या खणखणाटात शब्द कळेनात, म्हणून खाली लिहून येतात ते वाचले — वासरू कापा, अंगठी आणा, सगळ्यांना बोलवा. आता आम्ही पाठारे प्रभू, मासे-मटणावर वाढलेले. पण वासरू?

ह्यांना दाखवलं. "चाल छान आहे," म्हणाले आणि शिवाजी पार्काला फेरी मारायला निघून गेले. संपलं!

४ फेब्रुवारी

फ्लोरीकडे गेले. वरच्या मजल्यावरची, तीस वर्षांपासूनची शेजारीण. दर रविवारी चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवते. तिने मोबाइल कानाला लावला, डोळे मिटले आणि हसतच सुटली. "अगो सुमती, हा तर आमचा उधळ्या पुत्र!"

मग गोष्ट सांगितली. धाकटा मुलगा घर सोडून जातो, सगळं उधळतो, फाटक्या कपड्यांत परत येतो. बाप त्याला लांबूनच बघतो आणि धावत सुटतो. म्हातारा माणूस, रस्त्यात, सगळ्यांसमोर! मग बोटात अंगठी, अंगावर नवा झगा, आणि मेजवानीला पोसलेलं वासरू.

"कुठे होतास, म्हणून विचारलं पण नाय बापाने," फ्लोरी म्हणाली. "वासरू म्हणजे माफी गो."

म्हणजे अर्णवला घरी यायचंय! जिना उतरताना गुणगुणत होते. घरात शिरल्यावर राग आला. यायचंय तर फोन करायला काय होतं?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरं कडवं. एक बाई मागे वळून बघते आणि मिठाचा खांब होते.

फ्लोरी म्हणाली, ही लोटची बायको. गाव जळत होतं, मागे बघू नका असं बजावलं होतं, तिने बघितलं.

"ही मी का गं?"

फ्लोरीने चहा ओतला. बिस्किटं पुढे केली. म्हणजे हो!

इथे तरी खरं लिहावं. वळून वळून मीच बघते. त्याची बँकेतली नोकरी, सकाळचा इस्त्रीचा शर्ट, मी भरलेला डबा. राजीनामा देऊन आला त्या दिवशी मीच म्हणाले — गिटार घेऊन ह्या घरात पाऊल टाकायचं नाही. मला वाटलं होतं, आठ दिवसांत गिटार कपाटावर जाईल. तो गिटार घेऊन गेला.

९ फेब्रुवारी

आज गाणं सात वेळा ऐकलं. ह्यांनी मोजलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शेवटचं कडवं बसलं मानगुटीवर. अंगणात कुणीतरी उभं आहे. आतलं वाजवणं त्याला ऐकू येतंय. ताट वाढलेलं आहे. आत ये ना, आत ये ना — हेच पुन्हा पुन्हा.

"हा कोण? धाकटा तर आत जेवतोय," मी म्हटलं.

फ्लोरी कपाटाशी गेली. मग बायबल काढून आणलं. ह्या गोष्टीत एक मोठा भाऊ आहे म्हणे. कधी चुकला नाही, कधी कुठे गेला नाही. शेतावरून येतो तर घरात गाणं-नाचणं चाललेलं. रागावतो. आत जायला तयार नाही. बाप स्वतः बाहेर येऊन विनवण्या करतो.

"मग? गेला का आत?"

"ते लिहिलेलं नाय. गोष्ट तिथंच संपते."

"असं कसं?"

"असंच आहे. पोरं पण दर वर्षी भांडतात माझ्याशी."

दीड वर्ष मला वाटत होतं, घर सोडून तो गेलाय. आणि अंगणात कोण उभं आहे? मी! माझंच बरोबर होतं हे धरून.

१६ फेब्रुवारी, रविवार

गेले! परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या हॉलमध्ये, अर्णवच्या बँडच्या कार्यक्रमाला, संध्याकाळी पाचला. फ्लोरी बरोबर होती — चर्चला घालते तो झगा घालून. ह्यांनी दोन दिवस आधीच तिकिटं काढून ठेवली होती. ते अर्णवला दर महिन्याला भेटतात, हे मला टॅक्सीत कळलं. त्याबद्दल नंतर भांडेन.

दाराशी पोचलो आणि मी बाहेरच उभी राहिले. आतून ड्रमचा दणका, छातीत बसतोय.

फ्लोरीने कोपराने ढोसलं. "सुमती, ती गोष्ट अर्धी आहे. तू पुरी कर."

गेले आत. अर्णवने मला तिसऱ्या गाण्यात बघितलं आणि ओळ चुकला. दाढी वाढवलीय. बारीक झालाय. संपल्यावर स्टेजवरून उडीच मारली, गर्दीतून धावत आला.

"आई, तू?"

मी काय काय घोकून गेले होते! तोंडातून निघालं ते एवढंच — "उद्या जेवायला ये. गिटार घेऊन ये."

१७ फेब्रुवारी, सोमवार

आला. कोलंबीचं खडखडलं, आमचं ते झणझणीत कालवण, दोनदा वाढून घेतलं. मी म्हटलं, "गाणं कळलं रे मला. तो अंगणातला मोठा भाऊ मीच ना?"

त्याचा घास हातातच राहिला. "कुठला भाऊ? आई, मी फक्त गातो. शब्द फ्लॉयडचे असतात, आमच्या ड्रमरचे. ते त्याने त्याच्या आईसाठी लिहिलंय. रे रोड स्टेशनजवळ राहते. तीन वर्षं बोलत नाही त्याच्याशी."

"मग तिने ऐकलं का?"

"नाही ना. ऐकवणार कोण?"

वर जाऊन फ्लोरीला सांगितलं. ती चपला घालतेय, रे रोडला जायला.